मुंगी कोणाची?

दिव्य कुरआनच्या ११४ सूरहंपैकी एकीला मुंगीचे नाव आहे, एकीला मधमाशीचे आणि एकीला कोळ्याचे. (कोळी हा शास्त्राच्या हिशेबाने कीटक नव्हे, पण घराच्या कोपऱ्यात राहणाऱ्या या शेजाऱ्याला आपण त्याच पंगतीत बसवतो.) याखेरीज डास, माशी, टोळ, उवा, पतंग आणि लाकूड पोखरणारी वाळवी यांचेही उल्लेख ईशवाणीत आले आहेत. इतक्या क्षुल्लक जिवांचे दाखले कशाला, असा आक्षेप विरोधकांनी घेतला, तेव्हा डासाचा दृष्टांत देण्यातही अल्लाहला संकोच वाटत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले (२:२६). पृथ्वीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असेही सांगितले गेले (६:३८). म्हणजे मुंगी ही अल्लाहची निर्मिती, त्याची आज्ञाधारक आणि आपल्यासारख्याच एका समुदायाची घटक आहे.

आजच्या लेखाचा विषय मात्र असा कीटक आहे, जो आपण स्वतः निर्माण केला आहे असा त्याच्या मालकाचा दावा असतो.

इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘केऑस मॅजिक’ नावाचा एक जादूपंथ उदयाला आला. पीटर कॅरल यांचे ‘लायबर नल’ हे १९७८ साली निघालेले पुस्तक त्या पंथाच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय. त्याच्या मुळाशी ऑस्टिन ऑस्मन स्पेअर (१८८६–१९५६) या इंग्रज चित्रकाराचा एक विचार आहे. मनातली इच्छा एखाद्या चिन्हात उतरवावी आणि मग ती विसरून जावी, म्हणजे ती अंतर्मनात शिरून काम करू लागते, असे त्याचे म्हणणे. पुढे याच विचारातून ‘सर्व्हिटर’, म्हणजे साधकाने स्वतःच्या कल्पनेने घडवलेला सेवक-आत्मा, ही कल्पना रूढ झाली. त्याचे काम ठरवायचे, त्याला रूप आणि नाव द्यायचे, तो कशावर पोसला जाईल ते ठरवायचे आणि तो किती काळ टिकेल याची मुदतही आधीच घालून द्यायची. रूपासाठी पुष्कळांची पसंती कीटकाला असते. कीटक लहान असतो, कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कुठल्याही फटीतून आत शिरतो आणि थकल्याची तक्रार करत नाही.

हे सारे दूर विलायतेतले आहे म्हणून मी यावर लिहिले नसते. एका महाविद्यालयीन मुलाने जुम्याच्या नमाजनंतर थांबून मला एक प्रश्न विचारला, त्यामुळे हा विषय घ्यावा लागला. त्याच्या संमतीनेच लिहितो आहे. मोबाईलवर वाचून त्याने असा एक सेवक घडवला होता. तो रूपाने भुंगा होता. एका पत्र्याच्या डबीत मेलेला भुंगा, त्याखाली घडी घातलेल्या कागदावर एक चिन्ह, आणि रोज रात्री साखरेचे चार दाणे, असा सगळा थाट. पैसा, परीक्षा किंवा कोणाचे मन वळवणे यांपैकी कोणत्याही कामासाठी तो भुंगा नव्हता. वर्षापूर्वी या मुलाची आई गेली. वडील नोकरीसाठी आखातात असतात. घरी आजी आणि सात वर्षांची बहीण. त्या बहिणीची राखण करणे, एवढेच काम त्याने भुंग्यावर सोपवले होते. तो मला म्हणाला, “मौलाना, यात जिन्न नाही, शैतान नाही. तो माझ्याच मनाचा एक तुकडा आहे, हे मला माहीत आहे. मी कोणाचे वाईट करत नाही. मग यात शिर्क कुठे आला?”

हा प्रश्न दरडावून गप्प करण्यासारखा नाही, आणि हसण्यावारी नेण्यासारखा तर मुळीच नाही. उत्तराकडे वळण्याआधी ही कल्पना माणसाच्या घरात किती जुनी आहे ते पाहू.

जादूगाराच्या हाताखाली लहान प्राण्याच्या रूपात वावरणाऱ्या सेवक-आत्म्याला इंग्रजीत ‘फॅमिलियर’ म्हणत. इंग्लंडमध्ये १६०४ साली झालेल्या कायद्याने दुष्ट आत्म्याशी करार करणे, त्याला ठेवून घेणे, कामाला लावणे, इतकेच नव्हे तर खाऊ घालणे हासुद्धा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरवला. पुढे १६४५ साली एसेक्स परगण्यातील मॅनिंगट्री या गावी मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या माणसाने चेटकिणी शोधण्याचा सपाटा सुरू केला. पहिली सापडली ती एलिझाबेथ क्लार्क नावाची एका पायाने अधू असलेली गरीब वृद्धा. तिला रात्रीमागून रात्री जागे ठेवून पाहारा करण्यात आला आणि अखेर त्याच वर्षी फाशी देण्यात आले. पाहारा कशासाठी, तर तिचे सेवक-आत्मे तिच्याकडे येतात का ते पाहण्यासाठी. जॉन गॉल या पाद्र्याने १६४६ साली या प्रकारांविरुद्ध पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की, पाहारेकऱ्यांना खोली सारखी झाडत राहण्याची ताकीद असे. कोळी किंवा माशी दिसली तर ती मारायची, आणि ती मारता आली नाही तर तोच त्या बाईचा सेवक-आत्मा, असे समजायचे.

चपळ माशी हा पुरावा, आणि शिक्षा मृत्यूची! तो कायदा १७३६ साली रद्द झाला. एखाद्यावर जादूचा आळ घेणे ही केवढी जोखमीची गोष्ट आहे, हे या इतिहासावरून कळावे. आपल्या वस्त्यांतही कोणाच्या घरातल्या लिंबावरून, कोणाच्या उंबऱ्यावरच्या राखेवरून, विधवेवर किंवा सुनेवर असे आळ घेतले जातात. पुष्कळशा शंका-कुशंकांपासून दूर राहण्याची आज्ञा कुरआनने दिली आहे (४९:१२), तिचा विसर मशिदीत पहिल्या सफीत उभ्या राहणाऱ्यांनाही पडतो.

चीनमध्ये हीच इच्छा वेगळ्या रूपात दिसते. एका भांड्यात विषारी किडे कोंडायचे, त्यांनी एकमेकांना खायचे आणि शेवटी उरेल त्याच्या विषातून जादू साधायची, अशी तिकडची जुनी समजूत. इ. स. ५९८ मध्ये स्वै घराण्याच्या वेन सम्राटाने असल्या विद्या बाळगणाऱ्या घरांना सीमेवर हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता. पुढच्या काळातील कथांमध्ये सोनेरी रेशीमकिडा येतो. तो पाळणाऱ्याच्या घरी संपत्ती आणतो, उंची रेशमी कापड खातो, पण एकदा घरात आला की जात नाही. त्याला घालवायचे तर त्याने मिळवून दिलेले धन, आणखी भर घालून, त्याच्यासह पेटीत बांधायचे आणि पेटी रस्त्यावर सोडून द्यायची. जो कोणी ती लोभाने उचलेल त्याच्या गळ्यात तो किडा पडतो. ही दंतकथा आहे; पण ज्यांनी ती रचली त्यांना या व्यवहाराचा स्वभाव चांगला कळला होता.

आणि आपले घर? इंग्लंडला आणि चीनला नावे ठेवण्यापूर्वी उर्दू पुस्तकांच्या दुकानांतील अमलियातच्या पुस्तकांवर नजर टाकावी. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याने मुवक्किल ताबे करण्याचे, हमजाद वश करण्याचे उपाय तिथे छापील मिळतात. हमजाद म्हणजे माणसाबरोबर जन्मलेला त्याचा अदृश्य जोडीदार. त्याला नोकर करून घ्यायचे. वर अल्लाहची नावे आणि खाली नोकराची मागणी, असा हा मामला. प्रत्येक माणसाबरोबर जिन्नांपैकी एक साथीदार, करीन, नेमलेला असतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे (मुस्लिम). परंतु त्याला कामाला लावण्याची रीत त्यांनी एकाही सहाबीला शिकवली नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगून लोकांना लुबाडणाऱ्यांवर त्याखाली कारवाई होते. त्या यादीत हिरवी चादर पांघरलेलेही असतात, हे आपण कबूल केले पाहिजे. मुलाने भुंगा घडवला म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या दंडावरच्या पेटीत काय आहे, हेही एकदा उघडून पाहावे.

आता मूळ प्रश्न. ‘आत कोणी नाही, मग शिर्क कसा?’

प्रेषित इब्राहीम (अ.) यांच्या लोकांची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या मूर्तींमध्ये कोणी दडून बसले होते, असा कुरआनचा आरोप नाही. आरोप याच्या नेमका उलट आहे. इब्राहीम (अ.) त्यांना विचारतात की, जे तुम्ही स्वतःच्या हातांनी कोरता त्याचीच उपासना करता काय (३७:९५)? आणि मूर्ती फुटल्यानंतर, त्या बोलत नाहीत हे तर तुला ठाऊकच आहे, अशी कबुली ते लोक स्वतःच्याच तोंडाने देतात (२१:६५). आत कोणी नाही हे त्यांनाही माहीत होते. म्हणून ‘तो माझ्याच मनाचा तुकडा आहे’ हे उत्तर बचावाचे नाही. कुरआनने ज्या अवस्थेवर बोट ठेवले आहे तिचेच ते वर्णन आहे. शिर्क घडायला पलीकडच्या बाजूला कोणी असावेच लागते असे नाही. अलीकडच्या बाजूला हात पसरणारा माणूस असला की पुरे.

यावर तो मुलगा म्हणाला, “पण मी त्याला देव मानत नाही, नोकर मानतो.” हा फरक खरा आहे आणि तो मी हातचा सोडत नाही. इमाम शाफिई (रह.) यांचे मत असे नोंदले आहे की, जादू करणाऱ्याला आधी तुझी जादू काय आहे ते सांग, असे विचारावे, तिच्यात कुफ्र असेल तर कुफ्राचा निर्णय, नसेल तर गुनाहचा. म्हणजे निवाड्याआधी चौकशी. म्हणून मी त्याला विचारले, “रात्री साखर ठेवताना तू काय म्हणतोस?” तो जरा थांबला. मग म्हणाला, “म्हणतो, हिला सांभाळ.”

दुआ हीच इबादत आहे, असे प्रेषित (स.) यांचे वचन आहे (अबू दाऊद, तिरमिजी). काळोखात, भीती वाटत असताना, जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यापुढे काही ठेवून ‘हिला सांभाळ’ म्हणणे याला आपण दुसरे कोणते नाव देणार? त्या कृतीचा पत्ता चुकला आहे, इतकेच.

येथे एक शंका येईल. मग कल्पना करणेच निषिद्ध का? मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून या शंकेला मी टाळू शकत नाही. कादंबरीकार माणसे घडवतो, त्यांना नावे देतो, त्यांच्यासाठी रडतोही. लहान मूल अदृश्य मित्राशी भातुकली खेळते. परीक्षेच्या काळात कोणी मुंगीचा कष्टाळूपणा डोळ्यांसमोर ठेवून अभ्यास करतो, कोणी आठवणीसाठी रुमालाला गाठ मारतो. यांतले काहीही शिर्क नाही. कादंबरीकार आपल्या पात्राकडे आपल्या मुलीची राखण सोपवून निर्धास्त झोपत नाही. कल्पनेला जोवर कल्पनेचे काम आहे तोवर ती अल्लाहची देणगी आहे. तिच्यावर भरवसा टाकला, तिला नैवेद्य दिला, तिच्या नाराजीची भीती वाटू लागली, की ती दुसऱ्याच्या जागी जाऊन बसते.

आणि ती जागा कोणाची, हेही पाहावे. आईच्या उदरातील गर्भात आत्मा फुंकला जातो तेव्हा फरिश्त्याला चार गोष्टी लिहिण्याची आज्ञा होते: त्याची उपजीविका, त्याचे आयुष्य, त्याचे कर्म आणि तो सुदैवी की दुर्दैवी (बुखारी, मुस्लिम). सेवक-आत्म्याचा आराखडा यांच्याशी ताडून पाहा. तो काय खाईल, किती जगेल, काय काम करील. चारांपैकी तीन गोष्टी वहीच्या एका पानावर त्या मुलाने आपल्या हाताने लिहिल्या होत्या. चौथी लिहायची कोणाला सुचत नाही, कारण या नोकराच्या सुखदुःखाशी मालकाला काही कर्तव्य नसते. हदीसे-कुदसीमध्ये अल्लाहने विचारले आहे की, माझ्या निर्मितीसारखी निर्मिती करू पाहणाऱ्यांनी एक जर्रा तरी निर्माण करून दाखवावा, एक दाणा किंवा एक जव तरी (बुखारी, मुस्लिम). ‘जर्रा’ या अरबी शब्दाचा एक अर्थ अगदी बारीक मुंगी असा आहे. अल्लाहला सोडून ज्यांचा धावा केला जातो ते सारे एकत्र आले तरी एक माशी निर्माण करू शकणार नाहीत, आणि माशीने त्यांच्याकडचे काही हिसकावले तर ते परतही घेऊ शकणार नाहीत, असे सूरह अल्-हज्जमध्ये सांगितले आहे (२२:७३). त्या मुलाच्या डबीतली साखर एकदा खऱ्या मुंग्यांनी नेली होती. राखणदार भुंगा शेजारीच पडून होता. हे सांगताना तो स्वतःच हसला, म्हणून मीही हसलो.

हसू ओसरल्यावर त्याने जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे होते. एके रात्री साखर ठेवायची राहिली. मध्यरात्री आठवले, तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला. तो रागावला तर? बहिणीला काही झाले तर? उठून त्याने चाराच्या जागी दहा दाणे ठेवले.

माणसांपैकी काही जण जिन्नांपैकी काहींचा आश्रय घेत आणि त्यामुळे त्यांनी एकमेकांचा उन्माद वाढवला, असे सूरह अल्-जिन्नमध्ये आले आहे (७२:६). अरब प्रवासी रात्री निर्जन दरीत उतरले की त्या दरीच्या जिन्न-प्रमुखाकडे संरक्षण मागत, असे भाष्यकार सांगतात. संरक्षण मागण्याने भीती घटायला हवी होती, ती वाढली. फ्रेंच प्रवासी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांनी तिबेटविषयीच्या १९२९च्या पुस्तकात असाच अनुभव नोंदवला आहे. ध्यानाच्या बळावर त्यांनी एक लठ्ठ, आनंदी भिक्षू कल्पनेत उभा केला. काही काळाने तो बारीक, कुत्सित आणि त्रासदायक होत गेला, आपल्या मर्जीने येऊ-जाऊ लागला, आणि त्याला नाहीसे करायला त्यांना सहा महिने झगडावे लागले. तो आपल्याच मनाचा भास असू शकेल, हे त्या मोकळेपणाने मान्य करतात. भास असो की आणखी काही, हुकूम सोडणारा आणि हुकूम झेलणारा यांची जागा बदलते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

आपल्या परंपरेत जिन्नांवर खरोखरीची सत्ता मिळालेले नाव एकच आहे, प्रेषित सुलैमान (अ.). लोक त्यांचेच नाव घेऊन अंगठ्या आणि नकाशे विकतात, म्हणून त्यांची हकीकत नीट वाचली पाहिजे. ती सत्ता त्यांनी कोणत्या चिल्ल्याने कमावली नव्हती. त्यांनी अल्लाहकडे मागितली, आणि आपल्यानंतर कोणालाही मिळू नये अशी मागितली (३८:३५). जिन्न त्यांच्यापुढे काम करत ते अल्लाहच्या परवानगीने (३४:१२). मुंग्यांच्या खोऱ्यातून त्यांचे सैन्य जाताना एका मुंगीने इतरांना बिळांत शिरण्याचा इशारा दिला, सुलैमान (अ.) यांना तो कळला. ते हसले, आणि लगेच अल्लाहपुढे कृतज्ञतेची दुआ केली (२७:१८-१९). येथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या हुकमात वारा होता, त्यांनी त्या मुंगीला आपल्या चाकरीत घेतले नाही. तिच्या सावधपणातून त्यांना स्वतःची बंदगी आठवली. मुंगी आपल्या वाटेने गेली, सैन्य आपल्या वाटेने.

त्यांच्या अंताची हकीकत तर अद्भुतच आहे. ते काठीवर रेलून उभे असतानाच मृत्यू आला. जिन्नांना पत्ता लागला नाही. ते राबतच राहिले. वाळवीने काठी पोखरली, देह कोसळला, तेव्हा जिन्नांना उमगले की आपल्याला परोक्षाचे ज्ञान असते तर या अपमानकारक कष्टात आपण राहिलो नसतो (३४:१४). ज्यांना वश करण्यासाठी माणसे चाळीस चाळीस रात्री जागतात, त्यांच्या अज्ञानाचा हा पंचनामा एका किड्याने केला. त्या वाळवीला कोणी घडवले नव्हते, कोणी नाव दिले नव्हते, कोणी साखर घातली नव्हती. लाकूड खाणे हे तिचे काम होते आणि ती ते करत होती.

आपल्या प्रेषितांची (स.) एक घटना याच ओळीत येते. एका रात्री नमाजमध्ये एका इफ्रीतने त्यांना अडथळा आणला. अल्लाहने त्यांना त्याच्यावर काबू दिला. सकाळी सर्वांना दिसावा म्हणून त्याला मशिदीच्या खांबाला बांधावे, असे त्यांच्या मनात आले, मग बंधू सुलैमान (अ.) यांची दुआ आठवली आणि त्यांनी त्याला सोडून दिले (बुखारी, मुस्लिम). हातात आलेला जिन्न त्यांनी सोडला. कयामतच्या दिवशी जिन्नांचे मानवी मित्र म्हणतील की, हे पालनकर्त्या, आम्ही एकमेकांचा उपयोग करून घेतला (६:१२८). उपयोग! मैत्री म्हणून नव्हे, प्रेम म्हणून नव्हे. त्या नात्याला तिथे दुसरा शब्द सापडणार नाही.

हे सर्व त्या मुलाला पटले. प्रमाणे त्याला समजत होती, तो हुशार आहे. तरी जाता जाता तो जे बोलला त्याला प्रमाणाने उत्तर देता येत नाही. तो म्हणाला, “अम्मीसाठी मी तीन महिने दुआ केली, मौलाना. तहज्जुदला उठून केली. भुंगा निदान माझे ऐकतो.”

आपण इमाम लोक अशा वेळी घाईने सब्रचा उपदेश करतो. मी तसे केले नाही, कारण त्याचे दुःख खोटे नव्हते आणि प्रश्नही खोटा नव्हता. त्याला मी एवढेच सांगितले की, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतसाठी अल्लाहकडे तीन गोष्टी मागितल्या. दोन मिळाल्या. तिसरी, त्यांनी आपसांत लढू नये ही, दिली गेली नाही (मुस्लिम). ज्यांच्याइतका अल्लाहला प्रिय कोणी नाही, त्यांनाही नकार मिळाला. कोणतीही दुआ वाया जात नाही. ती येथे पुरी होते, किंवा परलोकासाठी राखून ठेवली जाते, किंवा तिच्याइतके एखादे संकट टळते, असेही हदीसमध्ये आहे (अहमद). यांतले तुझ्या वाट्याला काय आले, ते मला सांगता येणार नाही. पण नकार देऊ शकणाऱ्यालाच मागता येते, बेटा. भुंगा नाही म्हणू शकत नाही, कारण तिथे तुझ्याशिवाय कोणीच नाही. तू आईसाठी रडलास ते ऐकणारा होता. भुंग्यापुढे तू रडलास तर खोलीत तू एकटाच असतोस.

तो बराच वेळ बोलला नाही. मीही बोललो नाही.

पालकांसाठी दोन शब्द. घरात असे काही सापडले तर आरडाओरडा करू नये, शेजाऱ्यांना बोलावू नये, मुलाला ‘काफिर’ तर चुकूनही म्हणू नये. मूल रात्री कोणाशी बोलते हे विचारण्याआधी दिवसा त्याच्याशी कोण बोलते, हे पाहावे. या मुलाचे वडील आठवड्यातून एकदा फोन करत आणि पैसे पोहोचले का, एवढे विचारत. मी त्यांच्याशी बोललो. आता ते रोज इशानंतर फोन करतात. मुलाची झोप उडाली असेल, न बोलावता आवाज ऐकू येऊ लागले असतील, तर त्याला आमिलाच्या दारात नेऊ नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. उपचार करण्याची आज्ञा प्रेषितांनी (स.) दिली आहे, आणि मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही.

भुंग्याचे काय करावे, हेही त्याने विचारले. जाळू का? मी नको म्हणालो. एका प्रेषिताला मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचे वारूळच जाळवले, तेव्हा एका मुंगीपायी तसबीह करणारा एक समुदाय जाळलास, असे अल्लाहने त्यांना बजावले (बुखारी, मुस्लिम). हा भुंगा मेलेला आहे हे खरे, पण त्या बिचाऱ्याने कोणता गुन्हा केला होता? त्याला बागेच्या मातीत पुरावे. चिन्हाचा कागद पाण्यात भिजवून लगदा करावा, वहीतले पान फाडावे, दोन रकअत नमाज पढून तोबा करावी. पत्र्याची डबी धुऊन आजीला द्यावी, लवंगा ठेवायला चांगली आहे.

बहिणीच्या राखणीसाठी त्याला मी एक दुआ लिहून दिली. प्रेषित (स.) ती आपल्या नातवंडांसाठी, हसन आणि हुसैन (र.) यांच्यासाठी पढत, आणि प्रेषित इब्राहीम (अ.) हीच दुआ इस्माईल आणि इसहाक (अ.) यांच्यासाठी पढत, असे ते सांगत (बुखारी). तिच्यात अल्लाहच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय मागितला आहे: प्रत्येक शैतानापासून, प्रत्येक विषारी किड्यापासून आणि वाईट नजरेपासून. किडा हा शब्द वाचून त्याने माझ्याकडे पाहिले. रात्री बहीण झोपली की तिच्या डोक्यावर हात ठेवून ती पढायची, असे त्याला सांगितले. त्याने विचारले, आजीसाठीही पढली तर चालेल का. मी म्हणालो, चालेल. शब्द थोडा बदलावा लागेल, आणि तो कसा बदलायचा ते त्याच कागदावर लिहून दिले.